मेण आणि मजुरी



या व्याख्यानमालेसाठी बोलावणे आले तेव्हा चालकांनी आम्हांस विषय विचारला. आम्ही ‘मेणबत्ती’ असे सांगितले, तेव्हा पलीकडून क्षणभर उत्तर आले नाही. संप, टाळेबंदी, बोनस, कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी आम्ही सुचवू अशी त्यांची समजूत असावी. आणि ती रास्तच होती, कारण गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही केलेले नाही. परंतु आज मेणबत्तीवर बोलताना आम्ही आमचा विषय सोडला आहे असे कृपा करून समजू नका. उलट, आमच्या हातून सुटलेला विषय आज परत धरीत आहोत.

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना हमरस्ता आणि कल्याणहून येणारा रस्ता जेथे मिळतात तो आमचा शीळफाटा. आपणांपैकी बहुतेकांना तो वाहनांच्या खोळंब्यामुळे ठाऊक असेल. एका अंगाला गोदामे, छोटे कारखाने, भंगाराची दुकाने आणि चाळी. कल्याणच्या बाजूला वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या नव्या वसाहती. आणि मुंबईहून निघालेल्या बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरांचा बोगदा जमिनीवर येतो तोही येथेच. या नव्या वसाहतींतील एका दुकानात मागच्या दिवाळीत आम्ही एक मेणबत्ती पाहिली. मनगटाहून जाड, सरळ खांबासारखी, मोगऱ्याच्या वासाची. किंमत पाहून आम्ही ती पुन्हा फळीवर ठेवली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : शुद्ध सोया मेण, हाताने घडवलेली. मेण कशाचे ते लिहिले होते, वास कशाचा ते लिहिले होते. हात कोणाचा, ते मात्र कोठेच नव्हते.

मेणबत्तीचा सारा इतिहास आम्हांस या खोक्यासारखाच वाटतो. मेण बदलत गेले त्याची नोंद तपशीलवार आहे. ते ओतणाऱ्या हाताची नोंद फार थोडी आहे.

मेणबत्तीवर जगातील सर्वांत प्रसिद्ध व्याख्याने मायकेल फॅरेडे यांनी दिली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी ते बोलत. १८४८ साली त्यांनी हा विषय घेतला आणि १८६०-६१च्या हिवाळ्यात सहा व्याख्यानांत पुन्हा मांडला. हे गृहस्थ लोहाराचे पुत्र. शाळा जेमतेम, तेराव्या-चौदाव्या वर्षी पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीस लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. आमच्यासारख्या सार्वजनिक वाचनालयात शिकलेल्या माणसाला या गोष्टीचा मोठा आधार वाटतो. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीमागेही हीच श्रद्धा असावी, की विद्या ही पदवीधरांची ठेव नव्हे.

फॅरेडे यांनी मुलांना काय दाखवले? मेणबत्तीत वात जळते असे आपण म्हणतो. वस्तुतः जळते ते मेण, आणि तेही घन किंवा द्रव नव्हे, तर त्याची वाफ. ज्योतीच्या आचेने वरचे मेण वितळते, वाटीसारखा खळगा होतो, त्यातील मेण सुताच्या बारीक वाटांनी वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती पेटते. मेणबत्ती नुकती विझवली की जो पांढरा धूर वर जातो, त्याला काडी दाखवा. ज्योत धुरावरून उतरून पुन्हा वातीवर बसते. घरी करून पाहावा असा हा प्रयोग आहे. यातून कारागिराने घ्यायचा धडा एवढाच, की मेण, वात आणि जाडी या तिघांचे प्रमाण जमले पाहिजे. वात बारीक झाली तर ज्योत मेणात बुडते. जाड झाली तर काजळी धरते.

आपल्याकडे घराघरांत पणती, समई, चिमणी होती. मेणबत्ती आपली नव्हे. मेण मात्र आपले जुने. मधमाशीच्या पोळ्याचे मेण काढून, त्याची मूर्ती घडवून, वर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची विद्या या देशात फार प्राचीन आहे. म्हणजे साचा आणि मेण यांचे नाते आपल्या कारागिरांस परके नव्हते. वसई, साष्टी, ठाणे या पट्ट्यात पोर्तुगीज आले, देवळे आली, आणि वेदीवरची मेणबत्तीही आली. ठाणे १७३७ साली आणि वसई १७३९ साली मराठ्यांनी घेतली. राज्य गेले, पण मेणबत्ती राहिली. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत आजही तिचे दर्शन होते. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालणाऱ्या या जत्रेत टेकडीच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर असे आकार मांडलेले असतात. हात दुखत असेल त्याने हात वाहावा, मूल हवे असेल तिने बाळ, भाडेकरूने घर. सर्व धर्मांची माणसे ती टेकडी चढतात. साच्यात ओतलेले मेण आमच्या कोकणपट्टीत कशासाठी विकत घेतले जाई, असे कोणी विचारले तर हे त्याचे उत्तर : दुखण्यावर आणि आशेवर.

युरोपातील सामान्य माणसाची मेणबत्ती मात्र मेणाची नव्हती, चरबीची होती. मधमाशीचे मेण श्रीमंतांना आणि देवळांना. गरिबाला गाईबैलांची, मेंढरांची चरबी. तिला घाण येई, धूर होई, आणि वात दर थोड्या वेळाने कातरावी लागे. ही चरबी आपल्या इतिहासात एकदा फार मोठे कारण होऊन आली. १८५७ साली काडतुसांना कशाचे वंगण लावले आहे या प्रश्नावर शिपाई बिथरले. ‘हे कशाचे आहे’ हा प्रश्न आपल्या देशात केव्हाही क्षुल्लक नसतो.

चरबीची मेणबत्ती मोडीत काढली ती मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. चरबी ही एक वस्तू नसून ग्लिसरीन आणि काही आम्ले यांचा संयोग आहे हे त्याने शोधले, आणि त्यातील कठीण भाग वेगळा काढला तर पांढरी, टणक, धूर न करणारी मेणबत्ती होते हे ओळखून गे-लुसाक यांच्यासह १८२५ साली पेटंट घेतले. हेच स्टिअरिन. त्याच सुमारास पिळलेल्या वातीऐवजी विणलेली वात आली. ती जळता जळता वाकते आणि तिचे टोक ज्योतीबाहेर येऊन राख होते, म्हणून कातर लागत नाही. १८३४ साली जोसेफ मॉर्गन याने साच्यांत ओतलेल्या मेणबत्त्या दट्ट्याने बाहेर ढकलणारे यंत्र केले. कठीण मेण, विणलेली वात आणि ओतकामाचे यंत्र ही तिन्ही एकत्र आली तेव्हा मेणबत्तीचा कारखाना झाला.

लंडनची प्राइस कंपनी ही त्यांतील मोठी. १८३० साली विल्यम विल्सन यांनी भागीदारासह ती काढली आणि आरंभी सिलोनातील नारळाचे तेल वापरले, पुढे आफ्रिकेतील ताडाचे. मालकाच्या मुलाने कामावरच्या पोरांसाठी शाळा चालवली आणि १८५३ साली मर्सी नदीकाठी कामगारांसाठी गाव वसवण्यास आरंभ झाला. हे मालक भले होते यात शंका नाही, आणि भल्या मालकाचे नाव घेण्यास आम्ही लाजत नाही. परंतु त्या शाळेची गोष्ट वाचताना आमच्या मनात पहिल्याने येते ते असे, की शाळा चालवावी लागण्याइतकी लहान पोरे त्या कारखान्यात होती. आणि ज्या सिलोनच्या नारळीबागांतून तेल आले, तेथे शाळा निघाल्याची किंवा गाव वसल्याची गोष्ट आमच्या वाचनात आलेली नाही.

त्यानंतर खनिज मेण आले. पॅराफिन हे नाव १८३०च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ राइशेनबाख याने दिले. १८५० साली जेम्स यंग याने दगडी कोळशापासून ते काढण्याचे पेटंट घेतले. आणि १८५९ साली अमेरिकेत तेलाची विहीर लागल्यावर रॉकेलच्या पाठोपाठ ते मुबलक झाले. आपल्याकडे आसामात दिग्बोई येथे १९०१ साली तेलशुद्धीकरण सुरू झाले आणि तेथून मेण निघू लागले. पॅराफिन स्वस्त, पांढरे, बिनवासाचे. त्याने चरबीला आणि स्टिअरिनलाही मागे सारले. पण त्याच वेळी विजेचा दिवाही पुढे येत होता. आमच्याच भागात, ठाकुर्लीजवळ चोळे येथे, रेल्वेने १९२९ साली वीजगृह उभारले. मेणबत्तीचे दिवस संपले, असे त्या काळी कोणालाही वाटले असते.

ते संपले नाहीत, कारण वीज गेली की मेणबत्ती येते. २००५नंतरच्या भारनियमनाची वर्षे आपण विसरला नसाल. मुंबईत दिवे लखलखत, आणि खाडी ओलांडून इकडे आले की रोज काही तास अंधार. त्या वर्षांत शीळ, दिवा, डोंबिवलीच्या चाळींतून मेणबत्तीचे साचे आले. दोन पाती असलेला ॲल्युमिनियमचा साचा. त्याच्या खाचांतून सूत गुंडाळायचे, पाती आवळायची, वरून पॅराफिन ओतायचे, साचा पाण्याच्या टबात बुडवायचा, थिजले की सूत कापून उघडायचा. एका वेळी डझन-दोन डझन बत्त्या. व्यापारी मेण आणून देई, वजनाने मोजून बत्त्या नेई आणि नगावर पैसे देई.

त्या वर्षांत एक बाई आमच्या युनियनच्या कचेरीत आल्या. व्यापाऱ्याने दोन महिन्यांचे पैसे थकवले होते. आम्ही विचारले, हजेरीपत्रक आहे का? नाही. पगाराची चिठ्ठी? नाही. कारखाना कोठे? त्या म्हणाल्या, “आमच्या मोरीत.” आम्ही त्यांना समजावून सांगितले, की ताई, तुम्ही कामगार नव्हे, तुमचा हा घरगुती धंदा आहे, हे आमच्या कक्षेत येत नाही. चहा पाजून त्यांना परत पाठवले. चहा पाजला हे त्या वेळी आम्हांस पुष्कळ वाटले होते. ती चूक होती, हे आज या व्यासपीठावरून कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. गेटवर भाषण करण्याची सवय झालेल्या माणसाला मोरीचे दार हे गेट आहे हे दिसले नाही.

सरकारला मात्र ही घरे दिसत होती, निदान कागदावर. १९६७पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण होते. मोठ्या कारखान्याने त्यांत उतरू नये असा नियम. ही यादी वाढत एकदा आठशेच्या वर गेली, मग आटत आटत वीस वस्तूंवर आली. लोणची, पाव, आगपेट्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या आणि मेणबत्त्या या त्या शेवटच्या विसांत होत्या. एप्रिल २०१५मध्ये तीही यादी रद्द झाली. ती यादी पुन्हा वाचा म्हणजे ध्यानात येईल, की त्यांतील कित्येक वस्तू बायकांच्या हातच्या होत्या. कुंपण काढले त्या दिवशी कोठे निदर्शने झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हीही केली नाहीत.

आता सोया मेणाकडे येऊ. ते नवे वाटते, पण त्याची विद्या शंभर वर्षांवरची आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातून गेलेली आहे. तेल पातळ का आणि तूप घट्ट का? तेलाच्या रेणूत हायड्रोजनला काही जागा रिकाम्या असतात. निकेल धातूच्या भुकटीच्या साहाय्याने तेथे हायड्रोजन बसवला की तेल थिजू लागते. ही क्रिया फ्रान्सच्या साबात्ये याने दाखवली, त्यासाठी त्याला १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पातळ तेलावर ती चालवण्याचे पेटंट जर्मनीच्या नॉर्मान याने १९०२ साली घेतले. अमेरिकेत साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने या विद्येने सरकीच्या तेलाचे घट्ट स्वयंपाकी तूप करून १९११ साली बाजारात आणले. मेणबत्तीवाला तूपवाला झाला! मुंबईत शिवडीस १९३०नंतरच्या दशकाच्या आरंभी वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला, आणि खजुराच्या झाडाचे चित्र असलेला डालड्याचा डबा पुढे घरोघर पोचला. तूप संपल्यावर त्याच डब्यांत कित्येकांनी तुळशी लावल्या.

सोया मेण हे या घराण्यातले. सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन पुरेसा भरला की मेणासारखा घन पदार्थ होतो. १९९०नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्‌स यांनी त्याची मेणबत्ती करण्याची रीत बसवली. आयोवा हा सोयाबीनचा मुलूख; शेतकऱ्याच्या तेलाला नवे गिऱ्हाईक मिळाले. म्हणजे मेणबत्ती पशूच्या चरबीतून निघून, नारळ-ताडातून, जमिनीखालच्या तेलातून फिरून शेवटी पुन्हा शेतात आली.

आणि शेत म्हटले की आम्हांस लातूर, वाशीम, हिंगोली आठवते. १९८०नंतर विदर्भात आणि मराठवाड्यात ज्वारी-कापसाच्या जागी सोयाबीन पसरत गेले; आज महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही या पिकाची दोन मोठी राज्ये. शंभर किलो दाण्यांत तेल निघते अठरा-वीस किलो, बाकीची पेंड. २०२४-२५च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर होता आणि बाजारसमित्यांत शेतकऱ्याला पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी मिळत होता. शीळफाट्यावर विकले जाणारे सोया मेण याच दाण्याचे असते असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळसे बाहेर देशांतून येते. पण ‘सोया’ हा शब्द खोक्यावर चढला की वस्तूची किंमत वाढते आणि शेतात उतरला की पडते, हा प्रकार विचार करण्याजोगा खरा.

दिवाळीनंतर आम्ही त्या दुकानातील मेणबत्तीचा माग काढला. तो फार लांब गेला नाही. शीळ गावाच्या अलीकडे एका चाळीतील दहा बाय बाराची खोली. तेथे त्या बाईंनी आम्हांस खांबाची मेणबत्ती कशी करतात ते सारे दाखवले, आणि आम्ही वहीत उतरवून घेतले. ते येथे सांगतो. कारण मजुरीचा प्रश्न कामाच्या तपशिलातच असतो.

प्रथम साचा पाण्याने भरून ते पाणी मोजायचे. मेण पाण्याहून हलके. म्हणून ४०० मिलिलिटर पाणी मावले तर ३६० ग्रॅम मेण घ्यायचे. सुगंधी तेल सहा टक्के धरले तर एकवीस-बावीस ग्रॅम. मेण कधीही थेट आचेवर ठेवायचे नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेले, त्यात मेण. ऐंशी अंशांच्या आसपास तेल घालायचे आणि दोन मिनिटे सावकाश ढवळायचे. घाई केली तर बुडबुडे धरतात. साच्याच्या तळाच्या भोकातून वात ओवून खालून चिकणलेप लावायचा, वर काडीला ताणून बांधायची. मग पासष्ट-सत्तर अंशांवर, न थांबता, एका धारेत ओतायचे. भांड्यात भरायचे सोया मेण मऊ असते. उभ्या खांबाला ते चालत नाही, बसते किंवा कडांना तुटते. त्यासाठी कठीण जातीचे मेण घ्यावे लागते किंवा त्यात स्टिअरिन मिसळावे लागते. शेव्हरलसाहेब दोनशे वर्षांनी अशा रीतीने शीळफाट्यास येतात.

थिजताना मेण आक्रसते आणि वातीभोवती पोकळी धरते. म्हणून वरचा थर धरू लागला की सळईने भोके पाडायची आणि राखलेले मेण पुन्हा ओतायचे. दुसऱ्या दिवशी साचा काढायचा. त्यावर कधी पांढरी भुरी येते. ती बुरशी नव्हे, मेणाचे स्फटिक आहेत, पण गिऱ्हाईक परत करते. एप्रिल-मेमध्ये खोलीच एवढी तापते की मेण रात्रभर नरम राहते. पावसाळ्यात सूत ओल धरते. एका बाजूने पंखा लागला तर तडा जातो. आठ-पंधरा दिवस मुरू दिल्याशिवाय वास नीट बसत नाही. आणि प्रत्येक घाण्यातील एक मेणबत्ती तीन-चार तास पेटवून, जवळ बसून, पाहावी लागते.

हे सर्व त्या बाईंना उष्णतामापकावाचूनही कळत होते. पातेल्याला हाताचा मागचा भाग लावून त्या अंश सांगत. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची आठवण आम्हांस तेव्हा झाली. दृष्टी गेल्यानंतर त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय अंधजन संघटनेत हे काम शिकून १९९४ साली मेणबत्तीचा धंदा उभारला, आणि शेकडो दृष्टिहीनांना त्यात आणले. ज्या कामात डोळ्यांवाचून चालते पण हातावाचून चालत नाही, ते काम अकुशल कसे?

निघताना आम्ही हिशेबाची वही मागितली. वही चोख होती. मेण, वात, सुगंध, खोके, गॅस, रिक्षा, फुटलेले नग, सारे मांडलेले. आम्ही विचारले, “ताई, तुमचे तास कोठे आहेत?” त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “ते तर घरचेच ना.”

श्रोतेहो, चरबीपासून सोयापर्यंतच्या दोनशे वर्षांचा निष्कर्ष या एका वाक्यात आहे. मेण विकत आणलेले, म्हणून त्याला दर आहे. हात घरचा, म्हणून त्याला दर नाही. दिव्याखाली अंधार अशी म्हण आहे. पण तो अंधार दिव्याचा दोष नव्हे, आपण दिवा कोठे ठेवतो त्याचा आहे.

आणि हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांच्या शेडला आग लागली. सहा जीव त्याच दिवशी गेले, जखमींपैकी आणखी काही नंतर दगावले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. १९४८च्या कारखाने कायद्याने वीज असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगारांवर कारखाना धरला जाई. आता ही मर्यादा वीस आणि चाळीस झाली आहे. त्या खालची खोली ही खोलीच राहते, मग आत काहीही शिजत असो. नोंद नसण्याची किंमत शीळफाट्याला वेगळी सांगायला नको. ४ एप्रिल २०१३ रोजी येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. परवानगी नसलेल्या छताखाली हिशेबात नसलेली माणसे राहत होती.

यावर काही उपाय आहे का? आमच्याच महाराष्ट्राने आणि देशाने तो पूर्वी काढलेला आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला १९६६च्या विडी कायद्याने कामगार मानले. तेंदूपान घरी आणून देतो तो मालक, असे मानले. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला; ज्याला एक मालक नाही अशा हमालासाठी मंडळ नेमले आणि त्याच्या मजुरीची नोंद केली. त्याही वेळी लोक म्हणत होते, की पाठीवर ओझे वाहणाऱ्याचे कसले हजेरीपत्रक? अहमदाबादेस इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ काढली, आणि घरी काम करणाऱ्या स्त्रियांचीही संघटना होऊ शकते हे तिने दाखवले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्या कामगारांविषयी करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. परंतु २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृहाधारित कामगार’ हे शब्द आले आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली आहे. शब्द आला आहे. त्यात माणूस भरायचे काम आपले.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. त्या चाळीतील आणि शेजारच्या मिळून नऊ जणी आता महिन्यातून एकदा जमतात. प्रत्येकीच्या वहीत एक नवा रकाना आहे : तास. वितळवणे, ओतणे, दुसरे ओतणे, साचा काढणे, पेटवून पाहणे, खोक्यात भरणे. वाट पाहण्याचे तास धरायचे की नाही यावर एक पूर्ण बैठक गेली. कारण मेण थिजेपर्यंत बाई स्वयंपाक करते, पण घराबाहेर जाऊ शकत नाही. अर्धे धरावेत असे ठरले. हा तोडगा बरोबर आहे असे आमचे ठाम मत नाही. पण तो त्यांनी केला, आम्ही नाही. या रकान्यासह नवा दर त्यांनी दुकानाला कळवला आहे. दुकानाचे उत्तर अजून आलेले नाही.

मेणबत्तीसारखे स्वतः जळून दुसऱ्यास उजेड द्या, असा उपदेश स्त्रियांना आणि कामगारांना आजवर पुष्कळ झाला आहे. आम्हांस तो मान्य नाही. जळायचे ते मेणाने. मेण ओतणारीने आपले तास मांडावेत, आणि घेणाऱ्याने ते वाचावेत.

आपण पुढच्या दिवाळीस अशी मेणबत्ती घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढेच विचारा, की ही केली कोणी आणि तिला काय मिळाले. त्याला उत्तर देता येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो शोधू लागेल. आणि शीळफाट्यावर नऊ वह्या उघड्या आहेत.